मान टाकलेलं झाड तहानलेलंच असतं का?

पत्र थोडक्यात: डोंबिवलीच्या ६३ वर्षांच्या एका वाचक ताईंचं हे पत्र. चौथ्या मजल्यावर घर, वर सोसायटीची गच्ची आणि तिथे चाळीसेक कुंड्या: टोमॅटो, मिरची, जास्वंद, मोगरा, गुलाब, तुळस, कढीपत्ता. बहुतेक कुंड्या काळ्या प्लास्टिकच्या. एप्रिल लागल्यापासून दुपारी बारा-एकला झाडं मान टाकतात, म्हणून सकाळचं पाणी झालेलं असलं तरी त्या भर उन्हात वर जाऊन पुन्हा पाणी घालतात. नागपूरच्या बहिणीने सांगितलं म्हणून पानांवर पाणी फवारतात, कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्या आहेत आणि काहींना ओलं गोणपाट गुंडाळलं आहे. तरी टोमॅटोची फुलं गळताहेत, मिरची पिवळी पडली, जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसतो आणि दोन गुलाब गेले. "दोन वेळा पाणी देऊनही झाडं मरतात, म्हणजे माझंच काही चुकतंय. मेअखेरीस दहा दिवस गावी जायचं आहे, तेही रद्द करू का?" रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि परवा गच्चीवरून उतरताना जिन्यात चक्कर आली, असंही त्यांनी शेवटी लिहिलं आहे.

ताई,

ती चक्कर तुम्ही पत्राच्या शेवटच्या ओळीत टाकलीत, पण उत्तर तिथूनच सुरू करायला हवं. दुपारी बारा ते चार गच्चीवर जाणं आजपासून बंद करा. झाडांनाही त्या फेरीची गरज नाही, ते पुढे सांगतेच. गरज असती, तरी हेच सांगितलं असतं.

आपलं अंग घाम वाळला की थंड होतं. आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो, आणि आतली उष्णता आतच राहते. म्हणून पारा ३६ वर असला तरी जीव कासावीस होतो. हवामान खातं मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार कमाल तापमान ४० अंशांवर गेल्यावर करतं, किनारपट्टीवर मात्र ३७ पासूनच, ते उगाच नाही. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीवाटे पाणी आणि क्षार जास्त जातात. चक्कर आल्याचं डॉक्टरांना या आठवड्यातच सांगा, आणि मीठ-साखरेचं पाणी प्यावं का, किती प्यावं, हेही त्यांनाच विचारा. बागेचं काम सकाळी आठच्या आत उरका, उरलेलं सूर्य कलल्यावर. वर जाण्याआधी पेलाभर पाणी प्या आणि फोन खिशात ठेवा. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, पोटऱ्यांत गोळे आले, तर झारी तिथेच ठेवून खाली या, पंख्याखाली बसा, मान आणि काखा ओल्या फडक्याने पुसा. बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, अंग भट्टीसारखं तापलं, तर घरच्यांनी थांबायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. हे घरात आधीच सांगून ठेवा.

आता झाडांकडे वळू. तुमचा सगळा दिनक्रम एका समजुतीवर उभा आहे: झाडाने मान टाकली म्हणजे त्याला पाणी हवं. बहुतेकांची हीच समजूत असते. पण मुळं जितक्या वेगाने पाणी वर चढवतात त्याहून जास्त वेगाने ते पानातून उडून जायला लागलं, की पान लोंबतं. भर दुपारी माती ओली असतानाही हे होतं. जास्वंद, वांगी, भोपळ्याचे वेल यांची मोठी पानं तर रोज लोंबतात. लोंबलेल्या पानावर ऊन कमी पडतं, त्यामुळे त्यात झाडाचा बचावही असतो.

म्हणून झाडाची परीक्षा दुपारी घेऊ नका. संध्याकाळी सातला बघा. पानं पुन्हा ताठ झाली असतील तर काहीही करायचं नाही. सकाळी सहालाही झाड लोंबलेलंच असेल तरच काळजी करायची, आणि तेव्हाही आधी बोट मातीत दोन पेरं खाली घालायचं. आत कोरडं लागलं तर झाड तहानलेलं आहे. ओलं, गार आणि चिकट लागलं, तर दुखणं मुळांत आहे. अशा कुंडीत आणखी पाणी घालणं म्हणजे बुडणाऱ्याच्या तोंडाला तांब्या लावणं.

तुमच्या बहिणीचा सल्ला चुकीचा नाही, तो नागपूरचा आहे. साधा माठच बघा. नागपुरात मे महिन्यात माठातलं पाणी दात शिवशिवावेत इतकं गार होतं, कारण हवा कोरडी असते आणि माठातून पाझरलेलं पाणी झरझर उडून जाताना उष्णता घेऊन जातं. तोच माठ डोंबिवलीत भरून ठेवला तर पाणी बेताचंच गार होतं. कूलरचंही तेच. ओलं गोणपाट, पानांवरचा फवारा, कुंड्या खेटून मांडणं हे सगळे कोरड्या हवेचे उपाय आहेत. तिथे त्यांनी गारवा येतो. आपल्याकडे फवारलेलं पाणी पानावर बराच वेळ तसंच राहतं आणि करपा, काळे ठिपके अशा बुरशीच्या रोगांना आमंत्रण मिळतं. तुमचे गुलाब नेमके कशाने गेले हे पत्रावरून सांगता येणार नाही, पण जाण्याआधी पानांवर काळे गोल डाग पडून पानं पिवळी होऊन गळली असतील, तर फवाऱ्याचा त्यात हात होता असं समजा. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी मात्र हे वाचून आपलं गोणपाट काढू नये!

शेतकऱ्यांचा एक शब्द कुंडीवाल्यांनीही उचलावा असा आहे: वाफसा. मातीत ओलही आहे आणि हवाही खेळते आहे, अशी जी मधली स्थिती असते, तिला वाफसा म्हणतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. कुंडी सतत गच्च ओली राहिली की मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरतात आणि मुळं गुदमरतात. उन्हाळ्यात हे जास्त लवकर होतं, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि तापलेल्या मुळांना तो जास्त हवा असतो. त्यात दुपारचं पाणी गच्चीवरच्या टाकीतलं, म्हणजे हाताला चटका देणारं. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी त्याहून कडक. गुदमरलेली मुळं कुजतात, कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, झाड मान टाकतं, आणि तुम्ही पुन्हा झारी उचलता. या फेऱ्यात चूक काळजीची नाही, वेळेची आणि अंदाजाची आहे.

खात्री करायची असेल तर पिवळी पडलेली एक मिरची उद्या सकाळी कुंडीतून काढून बघा. कुंडी आडवी करा, कडेवर हलके थापटा आणि बुंधा धरून मातीचा गोळा सरकवा. चांगली मुळं पांढरट आणि टणक असतात, ओल्या मातीचा वास येतो. कुजलेलं मूळ तपकिरी असतं. ते चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत दोऱ्यासारखी बारीक शीर उरते. वास गटाराकडे झुकणारा. अशी मुळं निम्म्याहून कमी असतील तर स्वच्छ कात्रीने कापा, पानं एक तृतीयांश कमी करा आणि झाड थोड्या लहान कुंडीत, नव्या भुसभुशीत मातीत लावा. मातीत चमचाभर ट्रायकोडर्मा (मुळं कुजवणाऱ्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) मिसळा, एकदाच पाणी द्या आणि आठवडाभर सावलीत ठेवा. निम्म्याहून जास्त मुळं गेली असतील तर झाडाला निरोप द्या आणि ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

पाण्याची पद्धत अशी बदला. वेळ सकाळी सहा ते आठ. आदल्या संध्याकाळी बादल्या भरून झाकून ठेवा, पाणी रात्रीत निवतं. पाइपनेच द्यायचं तर आतलं तापलेलं पाणी आधी वाहून जाऊ द्या. रोज सगळ्या कुंड्यांना सरसकट कपभर ओतू नका. बोट घालून बघा आणि जिला हवं तिलाच द्या, पण पोटभर, तळाच्या भोकातून पाणी येईपर्यंत. १२ इंची कुंडीला साधारण दीड ते दोन लिटर लागतं, ८ इंची कुंडीला अर्धा ते पाऊण लिटर. दोन टप्प्यांत घाला: आधी थोडं, पाच मिनिटांनी उरलेलं. फार कोरड्या मातीत पाणी कडेने सरळ खाली निघून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो, म्हणून हे दोन टप्पे. रोपं भरलेल्या लहान कुंड्यांना कडक दिवसांत संध्याकाळी पुन्हा पाणी लागू शकतं, तेही बोटाला विचारूनच. भोकं बुजली आहेत का, हे एकदा जुन्या पेचकसाने टोचून बघा. मुळांनी आणि बसलेल्या मातीने भोकं बंद होतात आणि वरून काही कळत नाही. खालच्या थाळ्यांतलं पाणी अर्ध्या तासात ओतून द्या. उकाड्यात डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात आणि डेंग्यूच्या डासाला असंच साचलेलं स्वच्छ पाणी आवडतं.

ज्या गोष्टीकडे तुमचं बहुधा लक्षच गेलेलं नाही, ती म्हणजे कुंडीची भिंत. आपण ऊन पानांवर मोजतो, पण काळ्या प्लास्टिकच्या कुंडीवर दुपारचं पश्चिमेचं ऊन पडलं की कडेची माती हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. बारीक, पाणी ओढणारी मुळं असतात ती नेमकी या कडेलाच. मातीचं तापमान ४० अंशांच्या पुढे गेलं की बहुतेक भाज्यांच्या मुळांना इजा होते. म्हणजे वर पान ठीक, आत कडेची मुळं भाजलेली. त्यामुळे कुंड्यांना सावली द्यायची आणि पानांना वारा, हे सूत्र धरा. ओलं गोणपाट काढून कोरडं गुंडाळा, किंवा कुंडीला बाहेरून चुना मारा. प्लास्टिकची कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवता आली तर उत्तमच. पश्चिमेला कढीपत्ता, मोगरा, बोगनवेल अशी ऊन सोसणारी झाडं एका ओळीत लावा, त्यांच्या आड मिरची आणि तुळस. दोन झाडांच्या पानांमध्ये वीतभर अंतर राहू द्या. गच्चीचा कोबाही संध्याकाळपर्यंत तापलेला राहतो, म्हणून प्रत्येक कुंडी दोन विटांवर चढवा. खालून वारा खेळतो, भोकं मोकळी राहतात.

शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, घ्याच, पण ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी. दुकानदार ७५ किंवा ९० टक्क्यांची दाखवेल, ती जास्त गार वाटेलही, पण तिच्याखाली भाज्या उंच, लेच्यापेच्या वाढतात आणि फुलं धरत नाहीत. मेच्या मध्याला आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर असतो. जानेवारीत कठड्याची जी सावली कुंड्यांना मिळत होती, ती आता मिळत नाही. म्हणून नेट वरून हवीच, शिवाय पश्चिमेच्या बाजूला पडद्यासारखी दीड-दोन हात खाली सोडा, नाहीतर तीन वाजताचं तिरकं ऊन खालून शिरतं. झाडांच्या शेंड्यांपासून दीड फूट तरी उंच बांधा आणि बाकीच्या बाजू उघड्या ठेवा, आतली गरम हवा निघून गेली पाहिजे. मोगऱ्याला आणि बोगनवेलीला नेटखाली घेऊ नका. मोगऱ्याचा हा बहराचा काळ आहे, त्याला पाच-सहा तास ऊन लागतंच.

मातीवर वाळक्या पानांचं किंवा नारळाच्या शेंड्यांचं आच्छादन घाला, पण एकच इंच, आणि बुंध्याभोवती दोन बोटं जागा मोकळी ठेवून. दमट हवेत जाड थर बुंध्याला टेकला की तिथे बुरशी धरते. नवी माती भराल तेव्हा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) बेतानेच घाला, पाचव्या हिश्शाहून जास्त नको. ते पाणी धरून ठेवतं आणि तुमच्याकडे पाणी धरण्याची अडचणच नाही. लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे, एवढं पुरे.

टोमॅटोबद्दल स्वतःला दोष देणं सोडा. टोमॅटोला फळ धरायला गार रात्र लागते. रात्रीचा पारा २४ च्या वर राहिला की परागकण नीट काम करत नाहीत, आणि दमट हवेत ते चिकटून गोळा होतात. आपल्याकडे मेमधल्या रात्री २६-२७ अंशांच्या असतात. कितीही खत, कितीही पाणी घातलं तरी फुल गळणारच. रोपं काढून टाका. बी ऑगस्टअखेर-सप्टेंबरात टाका, म्हणजे थंडीत टोमॅटो खायला मिळतील. मिरची थोडी जास्त सोसते. तिची फुलं आत्ता गळली तरी झाड जगवलंत तर पावसाने हवा उतरल्यावर ती पुन्हा धरेल. रिकाम्या झालेल्या कुंड्यांत भेंडी, चवळी, लाल माठ, मायाळू लावा, ही उकाड्याचीच पोरं आहेत. चाळीसच्या चाळीस कुंड्या मेमध्ये हिरव्या राहिल्या पाहिजेत हा हट्टही थोडा सैल करा. पंचवीस नीट सांभाळल्या तर जिन्याच्या फेऱ्याही कमी होतील.

जास्वंदीवरचा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. आधी मुंग्या बघा. ढेकणांचा गोड चिकटा खायला मुंग्या येतात, त्यांना राखतात आणि एका फांदीवरून दुसरीवर नेतात. बुंध्याकडे जाणारी मुंग्यांची रांग तोडली नाही तर फवारणी वाया जाते. कुंडी भिंतीपासून दूर घ्या आणि विटा पाणी भरलेल्या थाळीत ठेवा. या थाळीतलं पाणी मात्र दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं, डासांचं वर सांगितलंच आहे. जास्त लागलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टात नको. उरलेल्या ढेकणांवर सकाळी पाण्याची जोरदार धार मारा. मग एक लिटर पाण्याला पाच मिलि कडुनिंबाचं तेल आणि दोन मिलि भांडी घासायचा पातळ साबण. तेल आणि साबण आधी वाटीभर कोमट पाण्यात दुधाळ होईपर्यंत ढवळायचं, मग बाकीचं पाणी. थेट पाण्यात तेल टाकलं तर ते तरंगतं आणि पानाला डाग पाडतं. फवारणी सूर्य मावळल्यावरच, पानांच्या खालच्या बाजूने आणि पेरांच्या बेचक्यांत. उन्हात तेल लागलेलं पान भाजतं. दर सात दिवसांनी असं तीनदा करा, कारण अंड्यांवर फवाऱ्याचा परिणाम होत नाही, ती फुटल्यावरची पिल्लं गाठायची असतात.

खताचा हात आखडता घ्या. युरिया-डीएपी अजिबात नको, दमलेल्या मुळांना ते झोंबतं. शेणखताचं पाणी दहापट पातळ करून पंधरा दिवसांतून एकदा, ओल्या मातीत, संध्याकाळी. कुंडी बदलणं आणि जोराची छाटणी पहिला पाऊस स्थिरावल्यावरच. मुंबई परिसरात मोसमी पावसाची सरासरी तारीख ११ जून आहे, तेव्हा वाट बघायला फार दिवस नाहीत. कुजलेल्या मुळांची मिरची तेवढी अपवाद.

आणि गावी जरूर जा. निघण्याच्या चार दिवस आधी सगळ्या कुंड्या सावलीच्या भिंतीला आणा. कळ्या, फळं आणि पिकलेली पानं काढा, झाडाचा पाण्याचा खर्च कमी होतो. मग वातींची सोय करा: कुंड्यांच्या मधोमध झाकण लावलेली पाण्याची बादली दोन विटांवर उंच ठेवा, करंगळीएवढ्या जाड सुती दोरीचे तुकडे आधी भिजवून घ्या, एक टोक बादलीच्या तळाला पोचेल असं सोडा, त्याला खडा बांधा म्हणजे वर येणार नाही, आणि दुसरं टोक कुंडीत तीन इंच खोल पुरा. नायलॉनची दोरी चालत नाही, ती पाणी ओढत नाही. एका बादलीला चार-पाच मध्यम कुंड्या पुरे. दोन दिवस घरी असतानाच चालवून बघा आणि बादलीत किती पाणी उतरलं ते खुणेने मोजा, म्हणजे दहा दिवसांचा हिशेब लागेल. मोगरा, कढीपत्ता, बोगनवेल यांना वात नको. त्यांना शेजारच्या कुणी तीन दिवसांआड सकाळी पाणी दिलं तरी भागेल. शेजारणीला "रोज घाल" असं सांगू नका, बोट घालून बघायला शिकवून ठेवा.

निघताना नेटच्या गाठी एकदा ओढून बघा, किंवा सरळ उतरवूनच ठेवा. सावलीच्या भिंतीला लागलेल्या कुंड्यांना तिची गरज नाही, आणि मेअखेरीस वळवाआधीच्या वाऱ्यात सैल नेट पालासारखी फुगते आणि बांधलेल्या कुंड्यांसकट कठड्यावरून खाली जाते.